उचल डाव्या पायात असते

गोखिवरे, वसई (पूर्व)

प्रिय वैशू,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज एकदा घरी पोळ्या लाटताना ऐकला आणि एकदा कामाच्या गाळ्यावर, आमच्या मेस्त्रींना शेजारी बसवून. एकूण प्रकार असा दिसतो, की मेलबर्नमध्ये बाईसाहेबांनी ह्युंदाईची आय२० एन घेतली, तीही मॅन्युअल. हौशी लोकांसाठी ड्रॅग स्ट्रिप उघडतात त्या रात्री ती नेली. हिरवा दिवा लागला, पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, धूर निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तेवढ्यात शेजारची दूध-भाजी आणायची इलेक्ट्रिक एसयूव्ही एक आवाज न करता निघून गेली. आता तू मला विचारतेस, ‘तुझी पुंटो इतकी जुनी, तरी आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर तू सुरुवातीला बरी कशी निघतेस?’

इलेक्ट्रिकचं दुःख आधी सोड. तिला क्लच नाही, गिअर बदलणं नाही, टर्बोची वाट बघणं नाही, आणि चाक फिरायला लागलं की संगणक क्षणात ओढ कमी करतो. तिच्याशी उभ्या जागेवरून भांडायचं नसतं. आपलं भांडण आपल्याच पायाशी आहे.

मेस्त्रींनी तुझा मेसेज ऐकून एवढंच विचारलं, ‘मॅडमनी क्लच सोडला कसा?’ तू त्या आख्ख्या मेसेजमध्ये उजव्या पायाबद्दल बोलली आहेस. किती रेस दिली, सुई कुठे होती, एक्झॉस्ट कसा फटफटला. डाव्या पायाबद्दल चकार शब्द नाही. माझं सगळं म्हणणं त्या पायाबद्दलच आहे.

आधी थोडा हिशेब, म्हणजे तुला पटेल. तुझ्या गाडीची ताकद २०४ पीएस, टॉर्क २७५ न्यूटन मीटर. माझी अबार्थ पुंटो १४५ पीएस आणि २१२ न्यूटन मीटर. तुझ्याकडे ५९ घोडे जास्त, आणि पहिल्या गिअरमध्ये त्यांचा उपयोग शून्य. कारण पहिल्या गिअरमध्ये माझेच १४५ टायरला जड होतात. गाडी पुढे झेपावली की वजन मागे सरकतं. नाक वर, बूड खाली. आणि आपल्या दोघींच्या गाड्या ओढणारी चाकं नेमकी पुढे! म्हणजे जेवढा जोर लावशील, तेवढी ज्या चाकांवर भिस्त तीच हलकी होणार.

चलनबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी एकदा आकडेमोड केली होती. उभ्या गाडीचं साधारण ६२ टक्के वजन पुढच्या चाकांवर धरलं, कोरड्या डांबरावर टायरची पकड ०.९ धरली, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या जरा वर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर. वजन मागे सरकलंच नसतं, तर अशी गाडी पाच सेकंदांच्या आसपास शंभरला पोहोचली असती. पण ते सरकतं, म्हणून सहाच्या आत येणं नाही, मग बॉनेटखाली रेल्वेचं इंजिन का बसवेनास. माझ्या गाडीसाठी फियाटचा दावा ८.८ सेकंदांचा होता. मधले पावणेतीन सेकंद जातात ते बहुतेक पुढच्या गिअरांमध्ये. तिथे इंजिन कमी पडतं. पहिल्या गिअरमध्ये उलटा मामला असतो. इंजिन द्यायला तयार, टायर घ्यायला तयार नाही. म्हणून दुसरा गिअर पडेपर्यंत जे काय होतं तेच तुझ्या हातात, म्हणजे पायात. पुढे काय, कोणीही दाबून धरेल.

आता त्या धुराचं. टायर अजिबात न घसरता सगळ्यात जास्त पकड देतं अशी समजूत असते, तसं नाही. थोडंसं घसरलेलं टायर जास्त ओढतं. गाडीच्या वेगापेक्षा चाक दहा-पंधरा टक्के जास्त फिरत असेल, तर उत्तम. त्या घसरणीचा आवाज किंकाळीचा नसतो, दातओठ खाल्ल्यासारखा बारीक चर्रर्र असा असतो. काच थोडी खाली ठेव, म्हणजे ऐकू येईल. किंकाळी आली, धूर दिसला, म्हणजे चाक दुप्पट-तिप्पट फिरतंय आणि तू वेळ जाळते आहेस. चांगली सुरुवात बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटते. टाळ्या पडल्या तेव्हाच समजायचं होतंस की काहीतरी चुकलं!

मी कशी निघते ते सांगते. चप्पल नाही, फ्लोटर्स नाहीत. पातळ तळव्याचे बूट. सीट नेहमीपेक्षा एक खाच पुढे, म्हणजे क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात वाक राहतो आणि पाय थरथरत नाही. पहिला गिअर शेवटच्या क्षणी नाही, आधीच टाकून ठेवते. मग क्लच बाईटिंग पॉइंटच्या, म्हणजे तो पकडायला लागतो त्या जागेच्या, केसभर अलीकडे आणून थांबवते. तो केसभर कसा कळतो? अगं, इंजिनाचा आवाज किंचित खाली येतो, स्टिअरिंगमध्ये बारीक कंप येतो आणि बॉनेटची कड समोरच्या रेषेवर दोन बोटं उचलल्यासारखी वाटते. उचलली की एक कागद जाईल एवढा पाय परत दाबायचा. इथे उभं राहायचं, पण फार वेळ नाही.

रेस ३००० च्या आसपास. माझ्या इंजिनचा पूर्ण टॉर्क २००० ते ४००० मध्ये असतो, म्हणून हा आकडा. तुझ्या गाडीचा वेगळा निघेल, शोधावा लागेल. कमी रेसवर निघालीस तर टर्बो झोपलेला असतो, इंजिन गुदमरतं आणि गाडी मान टाकते. जास्त रेसवर निघालीस तर तुझा तो धूर. दोन्हींच्या मध्ये एक जागा असते, तिथे सुई पडत नाही आणि चढतही नाही. गाडी पुढे जाते आणि आवाज काही क्षण त्याच सुरावर राहतो. तो स्थिर सूर कानाने पकड. सुईकडे बघायला वेळ नसतो.

आणि आता खरी गोष्ट. दिवा लागला की लोक क्लचवरून पाय उचलून घेतात, एकदम बाजूला. तू तेच केलंस, मी शपथेवर सांगते. पाय बाईटिंग पॉइंटपर्यंत झटकन आणायचा, पण तिथे थांबवायचा, साधारण ‘एक’ म्हणेपर्यंत, आणि तेवढ्या वेळात उजवा पाय हळूच खोल न्यायचा. गाडी चालण्याच्या वेगाच्या पुढे गेली की मगच डावा पाय पूर्ण सोडायचा. तो थांबलेला ‘एक’ म्हणजे अख्खं कसब. त्या वेळात प्लेट फ्लायव्हीलवर घासत असते, इंजिनाचा वेग आणि चाकाचा वेग यांची तडजोड होत असते. तू त्यांना तडजोडच करू दिली नाहीस. भांडण टायरवर जाऊन मिटलं.

याची किंमत असते, हेही लिहायला हवं. ड्रायव्हरसकट साडेबाराशे किलोची गाडी, इंजिन साडेतीन हजारवर, पहिल्या गिअरमध्ये सुटली, तर क्लच पूर्ण लागेपर्यंत गाडीला जेवढी ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच प्लेटमध्ये उष्णता होऊन जाते. आकडा निघतो तीसेक किलोज्यूल. म्हणजे एका सुरुवातीत एक कटिंग चहाचं पाणी उकळेल! एकदा उकळलं तर प्लेट सहज सोसते. पाठोपाठ दहा वेळा उकळलंस की वास येतो.

तो वास मला पाठ आहे, कारण आमच्या गाळ्याला लागूनच गॅरेज आहे. गेल्या महिन्यात गॅरेजवाल्यांनी एका पोराच्या हॅचबॅकचा क्लच उतरवला आणि प्लेट आमच्या बाकावर आणून टाकली, ‘ताई, बघा’ म्हणून. मी हातात घेतली. मधल्या स्प्रिंगा ठणठणीत, पण अस्तराचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत झालेला, बोट फिरवलं तर घसरतं. एका बाजूने रिवेटची डोकी वर आलेली. प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे डाग, मोराच्या पिसाऱ्यातले असतात ना, तसल्या रंगाचे. लोखंड इतकं तापलं होतं. मेस्त्रींनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, ‘हा हाफ क्लचवर सिग्नलला उभा राहतो.’ शर्यतीत जळालेली नव्हतीच ती. वसई फाट्याला जळाली होती.

कारण गोखिवऱ्यात उभ्या जागेवरून सुरुवात हा खेळ नसून रोजचा धंदा आहे, बाई. तू गेलीस तेव्हापेक्षा आता ट्रक किती वाढलेत! सातिवली, वालीव, चिंचपाडा, सगळीकडचा माल इथूनच हायवेला चढतो. रेंज ऑफिसपासून फाट्यापर्यंत सकाळी नऊला ये, पहिल्या गिअरचे एवढे सराव मिळतील की ड्रॅग स्ट्रिपवाले पैसे मागतील. आणि ठाण्याला जायचं तर घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ. पुढे कंटेनर, मागे टँकर, चढावर थांबलेली रांग, रिक्षावाला बंपरला नाक लावून. तिथे गाडी एक वीतही मागे न जाता आणि क्लच न जाळता जी निघते, तिला बाईटिंग पॉइंट शिकवावा लागत नाही. हँडब्रेक ओढायचा, क्लच हळूहळू वर, बॉनेट उचललं की हँडब्रेक सोडायचा. थांबल्यावर क्लच पूर्ण खाली किंवा न्यूट्रल, मधे लटकवायचा नाही. मला हे बाबांनी पद्मिनीवर शिकवलं, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर असलेल्या. तिची ओढणारी चाकं मागे होती, त्यामुळे वजन मागे सरकलं की तिची पकड वाढायची. ताकद बिचारीकडे नव्हती, ही गोष्ट वेगळी.

पद्मिनीवरून आठवलं. हॉट हॅच, म्हणजे तगड्या इंजिनाची छोटी गाडी, म्हटलं की सगळे १९७६ च्या गोल्फ जीटीआयचं नाव घेतात, घेऊ देत. पण आपल्याकडच्या कुंडल्या मांडल्या तर बऱ्याच महाराष्ट्रात निघतात. पद्मिनी जिथे बनायची त्या कुर्ल्यातच २००१ मध्ये फियाटची पालिओ बनायला लागली. तिचं १.६ लिटरचं मॉडेल शंभर अश्वशक्तीचं, त्या काळात आपल्याकडच्या हॅचबॅकला हे फार होतं. सचिन तेंडुलकर जाहिरातीत होता आणि त्याच्यासाठी ‘एस१०’ नावाची खास आवृत्तीही निघाली. तुझा दादा तिचं कात्रण वहीत ठेवायचा, आठवतं? माझी अबार्थ २०१५ मध्ये आली, रांजणगावची. पोलो चाकणची, २०२० पासून एक लिटर टर्बो आणि सहा गिअरचं मॅन्युअल असलेली पोलो मिळायला लागली तेव्हा माझा जीव खालीवर झाला होता, पण २०२२ मध्ये पोलोच बंद झाली. टाटांची अल्ट्रोझ रेसर २०२४ ची, १२० पीएस, फक्त मॅन्युअल, तीही पिंपरीचीच. तुझी खरी आय२० एन इथे आलीच नाही. आम्हाला मिळाली ती एन लाइन, एक लिटर इंजिनवाली, दिसायला तुझ्या गाडीची बहीण आणि स्वभावाने शांत.

माझ्या गाडीच्या नाकावरचा विंचू गल्लीतल्या पोरांना फार आवडतो. तो कार्लो अबार्थच्या राशीचा. माणूस व्हिएन्नात जन्मलेला, कंपनी काढली इटलीत १९४९ मध्ये, वृश्चिक रास म्हणून विंचू लावला. शेजारच्या आजी मात्र अजून विचारतात, ‘गाडीवर झुरळ कशाला काढलंय गं?’

बरं, आंबी व्हॅली. लोणावळ्याच्या पुढे तिथल्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ होते, क्वार्टर माईलची, म्हणजे ४०२ मीटर. कोट्यवधींच्या गाड्या येतात आणि आमच्यासारख्याही. गट वेगळे असतात, म्हणून लाज वाटत नाही. तिथे एक गोष्ट कळली ती तुला उपयोगी पडेल. दिवा लागल्यापासून तू किती वेळाने हललीस, हे तुझ्या क्वार्टर माईलच्या वेळेत धरतच नाहीत. चाक किरणाच्या रेषेतून बाहेर पडलं की घड्याळ सुरू. शेजारच्याशी शर्यत असेल तर दिव्याला महत्त्व. स्वतःची वेळ सुधारायची असेल तर दिव्याकडे बघून दचकायचं कारणच नाही. मनाने तयार हो, सूर स्थिर कर, मग नीघ. आणि वेळांची चिठ्ठी मिळते तिच्यात शेवटचा आकडा बघू नकोस, पहिला बघ. ६० फुटांचा, म्हणजे सव्वाअठरा मीटरचा. सुरुवात जमली की नाही ते तिथेच लिहिलेलं असतं. तिथे वाचवलेला एक दशांश सेकंद शेवटी दीड-दोन दशांश होऊन परत मिळतो, असं मुरलेले लोक सांगतात, आणि माझ्या चिठ्ठ्याही तेच म्हणतात.

टायर भिजवायला पाण्याचा चर असतो ना सुरुवातीच्या रेषेमागे, त्यातून जाऊ नकोस. तो गुळगुळीत स्लिक टायरवाल्यांसाठी. आपल्या रस्त्याच्या टायरच्या खाचांमध्ये पाणी बसतं आणि नेमकं रेषेवर येऊन ठिबकतं. बाजूने वळसा घालून जा, मग कोरड्यावर एकदा चाक जरा फिरवून खडे झटकून टाक. तेवढं पुरे.

एक गोष्ट मात्र जपून. चाकं धूर न काढता धडधड उड्या मारायला लागली, डॅशबोर्ड हलला, गाडी खडखडली, तर त्या क्षणी उजवा पाय उचल. टायर पकडतं-सुटतं-पकडतं असं सेकंदात कित्येकदा होतं तेव्हा प्रत्येक वेळी हातोडा ॲक्सलवर बसतो. तशी धाव जिंकायची नसते, सोडायची असते. स्टिअरिंगही एका बाजूला ओढेल. दोन्ही हातांनी हलकं धर, आवळू नकोस. तुझ्या गाडीत मेकॅनिकल लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे, त्यामुळे एकच चाक सगळा जोर उधळत नाही. हे सुख मला नाही.

तुझ्या गाडीत लाँच कंट्रोलही आहे. क्लच आणि ॲक्सिलरेटर दोन्ही पूर्ण दाबायचे, इंजिन ठरलेल्या आकड्यावर थांबतं, मग तू फक्त क्लच सोडायचा. पण बघ, त्यातही सोडायचा तो डावाच पाय, आणि तो कसा सोडायचा हे संगणक सांगत नाही. मी तर म्हणते, आधी ते बंद ठेवून शीक. नाशिकच्या ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’मध्ये मातीच्या रस्त्यावर सुटणाऱ्या गाड्या बघितल्या असतीस तर कळलं असतं, की जागा बदलली की सगळे आकडे बदलतात. तिथे चाक भरपूर फिरवूनच निघावं लागतं, सुट्या खड्यांखालची घट्ट जमीन शोधायची असते. डांबरावरचा हुशार तिथे अडाणी.

इथे रात्री अकरानंतर एव्हरशाईनकडच्या मोकळ्या रस्त्यावर पोरं गाड्या घेऊन येतात, मोबाइल समोर धरून. सगळा धूर, वेग काही नाही. वर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९: रस्त्यावर शर्यत लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा सापडलात तर वर्षभर किंवा दहा हजार. मला त्या दंडापेक्षा रस्ता ओलांडणाऱ्या रात्रपाळीच्या बायकांची भीती वाटते. कंपनी सुटते तीच वेळ. एकाला बोलावून मी म्हटलं, तुला गाडी खरंच काढता येत असेल तर धूर न काढता काढून दाखव. त्याने तोंड वाकडं केलं. पुढच्या रविवारी गाळ्यासमोरच्या अंगणात येऊन बाईटिंग पॉइंट विचारायला लागला, तेव्हा मेस्त्रींनी त्याला रेस न देता नुसत्या क्लचवर गाडी चालवायला लावली, पुढे दहा फूट, मागे दहा फूट, तासभर. तूही तेच कर. तुझ्या घरासमोर ड्राइव्ह-वे आहे म्हणालीस ना? ॲक्सिलरेटरला पाय न लावता, इंजिन बंद न पाडता, इंच-इंच. मध्ये क्लच थंड होऊ दे.

गिअर बदलण्याबद्दल फार लिहीत नाही, ते तुला येतं. एवढंच, की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सुई लाल रेषेला धडकून अडखळू देऊ नकोस. त्या अडखळण्यात डाव्या पायाने कमावलेलं सगळं जातं.

डिसेंबरमध्ये येशील तेव्हा पापडी-अर्नाळ्याचे कार्यक्रम दुसऱ्या आठवड्यात ठेव. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे, आणि सकाळी सहाला उठायची तयारी. क्लच प्लेटचा नवा सेट मी आणून ठेवला आहे. पुंटो आता बनत नाही, त्यामुळे तुझ्या हातात किल्ली देताना मी शेजारी बसणार, हे आधीच सांगते.

पुढच्या वेळी स्ट्रिपवर गेलीस की चिठ्ठीचा फोटो पाठव. ६० फुटांचा आकडा ठळक दिसू दे.

तुझीच,
माधुरी

ता. क. टायरच्या हवेचं राहिलं. पुढच्या दोन चाकांत नेहमीपेक्षा दोन-तीन पीएसआय कमी, मागच्यांत आहे तेवढीच. आणि घरी निघायच्या आधी पुढची परत भर. तुला हायवेने जायचं असतं.